येफ्रेमोव्हची देवयानी: एका आशेचं प्रकरण

४ नोव्हेंबर १९७२ रोजी मॉस्कोतल्या एका घरी केजीबीची माणसं झडतीसाठी आली. घरचे कर्ते पुरुष, इवान आन्तोनोविच येफ्रेमोव्ह, यांना जाऊन दुसऱ्या दिवशी महिना पुरा होणार होता. घरात त्यांच्या पत्नी तैसिया होत्या. झडती सकाळी सुरू झाली ती रात्रीपर्यंत चालूच राहिली. पुस्तकांच्या रांगा खाली उतरवल्या गेल्या, यंत्रं लावून तपासणी झाली. पंचनाम्यात जप्त वस्तूंची यादी आहे. तीत पत्रं आहेत, जुने फोटो आहेत, औषधांच्या बाटल्या आहेत आणि आत पातं लपवलेली एक हातातली काठी आहे. शोध कशाचा, तर वैचारिकदृष्ट्या घातक साहित्याचा.

याच माणसाने पंधरा वर्षांपूर्वी साम्यवादी भविष्याचं इतकं भरघोस आणि प्रसन्न चित्र काढलं होतं, की सोव्हिएत विज्ञानकथा त्याच्या आधीची आणि नंतरची अशी मोजली जाते. ज्या राजवटीने लोकांना उद्याच्या नावावर आज सोसायला लावलं, तिला तो उद्या सर्वांत मनापासून रंगवणाऱ्या लेखकाच्या घराची झडती घ्यावीशी का वाटली? मला हे प्रकरण गेली अनेक वर्षं सोडत नाही. सोव्हिएत विज्ञानकथेतला आशावाद म्हणजे सरकारी प्रचार, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मीही कधीकाळी तसंच समजत होतो. येफ्रेमोव्ह वाचल्यावर ते मत टिकलं नाही.

या माणसाचा मूळ धंदा हाडं खणण्याचा. ते पुराजीवशास्त्रज्ञ होते. १९४६ ते १९४९ या काळात सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या ज्या मोहिमा मंगोलियातल्या गोबी वाळवंटात गेल्या, त्यांचे ते प्रमुख होते. नेमेग्तच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीला प्रचंड डायनोसॉरचे सांगाडे मिळाले. तार्बोसॉरस या मांसाहारी डायनोसॉरच्या एका जातीला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. पण शास्त्रात त्यांचं नाव राहिलं ते वेगळ्याच कामामुळे. मेलेल्या प्राण्याचं नंतर काय होतं, कोणतं हाड वाहून जातं, कोणतं गाळात रुततं, कोणत्या परिस्थितीत त्याचा दगड होतो आणि कोणत्या परिस्थितीत मागमूसही उरत नाही, याचा शिस्तशीर अभ्यास त्यांनी उभा केला आणि १९४० मध्ये त्याला ‘टॅफोनॉमी’ असं नाव दिलं. खडकात जे सापडतं ते गेलेल्या जगाचं पूर्ण चित्र नसतं, ते योगायोगाने वाचलेले तुकडे असतात, हे या शास्त्राचं मूळ सूत्र. त्यासाठी त्यांना १९५२ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालं. लाखो वर्षांच्या थरांत हात घालून बसलेल्या माणसाला काळ आपल्यासारखा दिसत नाही. पाच वर्षं, दहा वर्षं हे त्याच्या लेखी एका थरातली धूळ.

आणि नेमकं पाच वर्षांचंच बंधन तेव्हाच्या विज्ञानकथेवर होतं. स्टालिनच्या अखेरच्या वर्षांत रशियन विज्ञानकथेत ‘ब्लिझ्नी प्रित्सेल’ म्हणजे ‘जवळचा नेम’ हे धोरण रुजलं होतं. लेखकाने फार लांबचं बघू नये. प्रयोगशाळेत आज जे सुरू आहे ते उद्या कारखान्यात कसं येईल, नवं पीक, नवी खाण, नवं यंत्र, एवढंच लिहावं. हजार वर्षांनंतरचा समाज कसा असेल, हे ठरवणं लेखकाचं काम नाही. नायक इंजिनिअर, खलनायक परदेशी हेर, शेवटी यंत्र चालू होतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. अशा कथांचे ढीग लागले आणि विसरलेही गेले. येफ्रेमोव्हनीही युद्धाच्या काळात लघुकथा लिहिल्या होत्या, पण त्यांचा नेम जवळ असूनही पल्ला लांबचा होता. एका कथेत त्यांनी सायबेरियात हिऱ्यांची खाण असण्याची शक्यता भूगर्भशास्त्राच्या आधारे मांडली. पुढे १९५४ मध्ये सायबेरियातल्याच याकुतियात हिऱ्यांचा खडक खरोखर सापडला. दुसऱ्या एका कथेतली खडकावर उमटलेल्या प्राचीन प्रतिमेची कल्पना वाचून होलोग्राफीकडे, म्हणजे त्रिमितीय प्रतिमा टिपण्याच्या तंत्राकडे, वळलो, असं यूरी देनिस्यूक या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतः सांगितलं आहे.

मग १९५३ मध्ये स्टालिन गेला, १९५६ च्या फेब्रुवारीत नवे नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्याच्या अत्याचारांवर भाषण केलं, आणि बर्फ वितळू लागला. येफ्रेमोव्ह त्या वर्षांत आजारी होते, मोहिमांवर जाणं थांबलं होतं. याच सुमारास त्यांनी ‘तुमान्नस्त आन्द्रोमेदी’ लिहिली. मराठी आकाशदर्शनाच्या पुस्तकांत अँड्रोमेडाला देवयानी म्हणतात, म्हणून मी तिला मनात नेहमी ‘देवयानीचा तेजोमेघ’ म्हणत आलो. ‘तेख्निका मोलोद्योझी’ या तरुणांसाठीच्या विज्ञान मासिकात ती १९५७ च्या जानेवारीपासून क्रमशः येऊ लागली.

ती छापून पुरी होण्याआधीच ४ ऑक्टोबर १९५७ उजाडला आणि स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह वर गेला. पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत येफ्रेमोव्हनी जे लिहिलं ते मला फार आवडतं. कादंबरीतले पृथ्वीवरचे बदल व्हायला तीन हजार वर्षं लागतील, असं त्यांना आधी वाटलं होतं. मजकूर पुन्हा हाताळताना त्यांनी एक हजार वर्षं कमी केली. मग उपग्रह उडाले आणि वाटलं, कदाचित त्याहूनही लवकर होईल. शेवटी त्यांनी ठाम तारखा काढूनच टाकल्या. काळ किती, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. यात घाई नाही आणि छातीठोकपणाही नाही. गाळाच्या थराचं वय ठरवणारा माणूस अंदाज लिहितो, नवा पुरावा आला की खोडतो, पुन्हा लिहितो, तशी ही पद्धत.

आता त्या जगात आत शिरू या, कारण प्रकरणाचं मर्म तिथे आहे.

पृथ्वीवर देश उरलेले नाहीत, पैसा नाही, सैन्य नाही, सरकारही आपल्याला ओळखू येईल असं नाही. वेगवेगळ्या परिषदा आणि अकादम्या आहेत. आपल्या आजच्या काळाला ते लोक ‘विभक्त जगाचं युग’ म्हणतात आणि शाळेत ते इतिहास म्हणून शिकवतात. त्यानंतर जगाच्या एकत्र येण्याचं युग, मग सामाईक श्रमाचं युग आणि मग महावलयाचं युग. महावलय म्हणजे आकाशगंगेतल्या जाणत्या जगांची संदेशांची साखळी. एका ग्रहाने पाठवलेला संदेश दुसरा ग्रह घेतो, पुढच्याला देतो. अंतरं इतकी की कारंडव तारकासमूहातल्या एका ग्रहावरची लाल रंगाची सुंदर माणसं पृथ्वीवर पडद्यावर दिसतात तेव्हा ती मरून शेकडो वर्षं लोटलेली असतात. म्वेन मास हा आफ्रिकी वंशाचा शास्त्रज्ञ त्यातल्या एका स्त्रीकडे बघतो आणि त्याला तहानच लागते: हे अंतर नको. इथून कादंबरीतली सगळ्यात मोठी चूक जन्माला येते.

म्वेन मास आणि रेन बोझ नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ तिबेटच्या पठारावर एक प्रयोग करतात. अवकाश ओलांडून क्षणात पलीकडे पोचायचं. परवानगीसाठी थांबायचा धीर नसतो. पृथ्वीची अफाट ऊर्जा एका क्षणात ओतली जाते, प्रयोग हाताबाहेर जातो, एक उपग्रह नष्ट होतो आणि त्यावर स्वेच्छेने थांबलेले निरीक्षक मरतात. रेन बोझचं शरीर चिंध्या होऊन येतं. त्या एका क्षणी पलीकडचं काही दिसलं का, याची खात्री म्वेन मासलाही नाही.

आशावादी भविष्याची कादंबरी म्हणून जी ओळखली जाते, तिच्या मध्यभागी हा अपघात आहे, हे बहुतेक लोक सांगतच नाहीत. म्वेन मास पळून जात नाही. तो स्वतःच ‘विस्मृतीच्या बेटा’वर निघून जातो. हिंदी महासागरातल्या या बेटावर, ज्यांना त्या सुसंघटित समाजात राहायचं नसतं, ते साधं, पुरातन पद्धतीचं आयुष्य जगतात. नंतर तो परत येतो, परिषदेसमोर उभा राहतो, आणि सर्वांसमक्ष चर्चा होते: माणसं मेली, त्याची जबाबदारी किती, आणि ज्ञानाच्या ओढीला किती मोकळीक द्यायची. शिक्षा करायची की नाही यापेक्षा हा माणूस स्वतःशी खरा होता की नाव कमावण्याच्या मागे होता, यावर वाद जास्त रंगतो. मी हे प्रकरण प्रत्येक वेळी थांबून थांबून वाचतो. रशियात आरोपींकडून ठरलेले कबुलीजबाब वदवून घेणारे खटले होऊन तेव्हा वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. कादंबरीत एक माणूस स्वतःहून चूक सांगतो, त्याच्यावर कोणी ओरडत नाही, आणि निकाल खरोखर चर्चेतून निघतो. मॉस्कोत हे वाचणाऱ्याच्या मनात काय काय जागं झालं असेल.

दुसरी एक जागा जवळून दाखवतो. दार वेतेर हा बाह्य केंद्रांचा प्रमुख असतो, म्हणजे पृथ्वीचा आकाशाशी जो संपर्क चालतो त्याचा कर्ताधर्ता. वर्षानुवर्षांच्या ताणाने त्याचं कामातून मन उडतं. त्या समाजात हा आजार मानला जातो, आणि उपाय म्हणजे वेगळं काम. तो पद सोडतो, उत्खननावर जाऊन मातीत हात घालतो आणि मग दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालच्या टायटॅनियमच्या खाणीत काम करतो. याला कोणी घसरण म्हणत नाही. पुढे मोडलेला उपग्रह पुन्हा बांधायला तोच वर जातो. खाणीतलं काम आणि आकाशातलं काम यांची प्रतिष्ठा सारखी आहे, हे वाक्य लिहिण्याऐवजी येफ्रेमोव्ह आपल्याला एका माणसाच्या पाठोपाठ दोन्हीकडे फिरवून आणतात.

आणखी एक गोष्ट राहून जायला नको. त्या जगात ‘दुःख आणि आनंदाची अकादमी’ आहे. पोलाद किती, धान्य किती हे मोजणाऱ्या संस्था आहेतच, पण ही अकादमी दुःख मोजते. कोणत्या वयात माणसं जास्त दुःखी असतात, इतिहासात कोणत्या टप्प्यावर दुःख वाढलं, एखादी नवी सोय आणल्यावर लोकांच्या वाट्याला सुख आलं की त्रास आला, याचा हिशेब. एखादी योजना कागदावर कितीही चांगली असली तरी तिच्याने दुःख वाढत असेल तर तिला सुधारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मला विचाराल तर अंतराळयानांपेक्षा ही कल्पना मोठी आहे.

सगळंच मला पटतं असं नाही. मुलं अगदी लहानपणी आईपासून दूर होतात आणि वयोगटांनुसार निवासी शाळांत वाढतात. एव्दा नाल ही मानसशास्त्रज्ञ आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला, रेआला, भेटायला शाळेत जाते ते प्रकरण गोड आहे, पण पाहुणी म्हणून आई येते हे वाचताना काळजात काहीतरी खुपतं. ज्या बायकांना स्वतःचं मूल स्वतः वाढवायचं आहे त्यांच्यासाठी जावा बेट राखून ठेवलं आहे, म्हणजे लेखकाला हा प्रश्न सुचला होता. माझं समाधान त्याने होत नाही. पण येफ्रेमोव्हचं लहानपण कळल्यावर मी या भागाकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. आईवडील विभक्त झाले. आईने दुसरं लग्न केलं आणि मुलांना नातेवाईक बाईकडे ठेवलं, ती टायफसने गेली. यादवी युद्धात हा पोरगा लाल सैन्याच्या एका मोटार तुकडीला चिकटला. काळ्या समुद्राकाठच्या ओचाकोव्हवर तोफगोळे पडले तेव्हा बसलेल्या धक्क्याने तो आयुष्यभर थोडं अडखळत बोलत राहिला. त्याला वाढवलं ते परक्यांनी, आणि ते परके चांगले निघाले. ज्याला आपल्या आयुष्यात सख्ख्यांपेक्षा परके अधिक उपयोगी पडले, त्याने परक्यांच्या हातात सारी मुलं निर्धास्त सोपवली असतील, तर ते समजण्यासारखं आहे.

माणसं पुतळ्यांसारखी बोलतात, ही टीका मात्र खरी आहे. सगळे देखणे, सगळे निरोगी, सगळे समजूतदार. संवाद पुष्कळदा व्याख्यानं होतात. लोहताऱ्याच्या ओढीत अडकलेलं ‘तांत्रा’ यान, त्या काळोख्या ग्रहावरचे प्राणी, यानाचा प्रमुख एर्ग नूर याला वाचवण्यासाठी त्याची तरुण सहकारी निझा हिने मध्ये टाकलेली उडी, हे सगळं थरारक आहे, पण तिथेही माणसं धापा टाकताना नीट वाक्यं बोलतात.

हे लिहिण्यामागचं कारण येफ्रेमोव्हनी स्वतः सांगितलं आहे. त्यांनी अमेरिकन आणि इतर पाश्चात्त्य विज्ञानकादंबऱ्यांचा एक गठ्ठाच्या गठ्ठा वाचला. त्यांत आकाशगंगांची युद्धं, सम्राट आणि विध्वंस. त्याच्या समोर वेगवेगळ्या जगांच्या मैत्रीची कल्पना उभी करावी असं त्यांना वाटलं, आणि पहिलं नाव सुचलं ‘महावलय’. हा वाद त्यांनी पुढच्या छोट्या कादंबरीत, ‘सर्पाचं हृदय’ मध्ये, आणखी थेट केला. १९४५ च्या एका अमेरिकन कथेत माणसांचं यान आणि परक्यांचं यान अवकाशात समोरासमोर येतात आणि दोघांनाही भीती वाटते: घरी गेलो तर हे मागावर येतील. येफ्रेमोव्हच्या यानातली माणसं ही कथा वाचून तिच्यावर चर्चा करतात! ज्यांनी ताऱ्यांपर्यंत जायची ताकद मिळवली, ते मनाने दरोडेखोर राहू शकत नाहीत, असं त्यांचं मत पडतं. मग खरोखर परकं यान भेटतं. ती माणसं सुंदर आहेत, पण त्यांच्या जगात प्राणवायूच्या जागी फ्लोरिन आहे. हात हातात घेतला तर दोघंही मरतील. मध्ये पारदर्शक भिंत घालून ते एकमेकांना भेटतात. निरोप घेताना पृथ्वीवरची एक जीवशास्त्रज्ञ त्यांना सुचवते, तुमची शरीरं पिढ्यानपिढ्या बदलून प्राणवायूवर आणता येतील का? तिचं नाव आफ्रा देवी.

देवी! आणि देवयानीच्या कथेत नृत्य करणारी चारा नंदी, इतिहासकार वेदा काँग. मराठी वाचकाला ही नावं भेटतात तेव्हा क्षणभर दचकायला होतं. देश पुसले गेले तेव्हा नावांचीही सरमिसळ झाली, इतकंच येफ्रेमोव्हना दाखवायचं आहे, पण भारताकडे त्यांचा ओढा होता हेही खरं. १९६३ च्या ‘लेझ्विये ब्रीत्वी’ म्हणजे ‘वस्तऱ्याची धार’ या कादंबरीचा मोठा भाग भारतात घडतो. सौंदर्य म्हणजे दोन टोकांच्या मधली अगदी अरुंद, अचूक वाट, अशी तिची मांडणी आहे. आपल्याला लगेच कठोपनिषदातली ओळ आठवते: क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया.

माझ्याकडची देवयानी इंग्रजी अनुवादातली, मॉस्कोत छापलेली. मुंबईत पीपल्स बुक हाउसमध्ये आणि पुस्तक प्रदर्शनांत सोव्हिएत पुस्तकं चहा-वड्याच्या भावात मिळायची, हे त्या पिढीतल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. जाड कागद, घट्ट बांधणी, खळीचा वास. कवी पुश्किन आणि विज्ञानलेखक पेरेलमन यांच्या शेजारी आकाशाचं पुस्तक. ज्या देशात ते छापलं होतं तिथे ते कसल्या वादळातून गेलं, याचा त्या वासातून काही पत्ता लागत नव्हता.

वादळ म्हणजे असं. १९५९ मध्ये एका वृत्तपत्रातून या कादंबरीवर जोरदार टीका झाली, तिला उत्तरंही तितकीच जोरदार आली. लोकांनी मात्र पुस्तक डोक्यावर घेतलं. १९६१ मध्ये गागारीन आकाशात जाऊन आला आणि त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाच्या २२व्या काँग्रेसने नवा कार्यक्रम मंजूर केला. आजची पिढी साम्यवादात जगेल, १९८० पर्यंत त्याचा भौतिक पाया पुरा होईल, पोलादाचं उत्पादन वर्षाला सुमारे २५ कोटी टनांवर जाईल, असे आकडे त्यात होते. कागदावर येफ्रेमोव्ह आणि पक्ष एकाच दिशेला बघत होते. पण दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले तर फरक डोळ्यांत भरतो. पक्षाच्या कागदात तारीख पक्की आहे आणि माणूस आहे तसाच आहे, फक्त त्याच्या ताटात जास्त येणार आहे. येफ्रेमोव्हच्या कागदात तारीख कोरी आहे आणि माणूस आमूलाग्र घडवायचा आहे. शाळा संपली की मुलांना ‘हर्क्युलिसचे पराक्रम’ म्हणून बारा अवघड कामं करून दाखवावी लागतात, तेव्हा ती मोठी होतात. स्वतःवर ताबा, दुसऱ्याच्या दुःखाची जाण, सत्तेची भूक नसणं, हे सगळं कमवावं लागतं, पिढ्यानपिढ्या. ते आलं नाही तर पोलाद कितीही असो.

याच काळात विज्ञानकथाकार स्त्रुगात्स्की बंधू ‘मध्यान्ह, २२वं शतक’ च्या कथा लिहीत होते. त्यांची माणसं पुतळे नाहीत. थट्टा करतात, भांडतात, चिडतात. येफ्रेमोव्हच्या पाहुण्यांपेक्षा त्यांच्याबरोबर जेवायला बसणं सोपं. पण दार उघडलं ते येफ्रेमोव्हनी. १९६७ मध्ये किव्हच्या स्टुडिओने देवयानीवर चित्रपट काढला, पहिला भाग. दुसरा आलाच नाही.

मग येतं ‘चास बिका’, ‘बैलाचा प्रहर’. जुन्या चिनी कालगणनेत पहाटे दोनच्या आसपासची वेळ. अंधार सगळ्यात दाट असतो, झोप न येणाऱ्याला उजाडेलसं वाटतच नाही, ती घटका. ऑक्टोबर १९६८ पासून ती त्याच ‘तेख्निका मोलोद्योझी’ मध्ये छापून येऊ लागली. दोनच महिन्यांपूर्वी सोव्हिएत रणगाडे प्राग शहरात घुसले होते.

देवयानीच्या जगातली माणसं, फाय रोदिस या स्त्रीच्या नेतृत्वाखाली, तोर्मान्स नावाच्या ग्रहावर जातात. तिथे फार पूर्वी पृथ्वीवरून पळालेल्या माणसांचे वंशज राहतात. सत्ता चौघांच्या परिषदेकडे, तिच्या डोक्यावर एक अध्यक्ष. जमीन ओरबाडून उजाड झालेली. लोकांचे दोन वर्ग: शास्त्रज्ञ, कलावंत वगैरेंना दीर्घायुष्य, बाकीच्यांनी तरुणपणीच ‘कोमल मरण’ पत्करायचं. ज्ञान कुलपात, इतिहास खोटा, जो तो दुसऱ्याला घाबरतो. येफ्रेमोव्ह याला ‘अरीमनचा बाण’ म्हणतात, अरीमन म्हणजे प्राचीन इराणी धर्मातली दुष्ट शक्ती: समाज वाईट रचला गेला की बाण कुठेही सोडा, तो नेमका चांगल्या माणसालाच लागतो. उत्तम माणसं आधी मरतात, उरलेल्यांतून पुढची पिढी येते, आणि घसरण आपोआप चालू राहते. निवडक टिकाव कसा होतो हे ज्याने हाडांच्या थरांत पाहिलं, त्याने समाजाकडे बघून काढलेला हा निष्कर्ष आहे. खडकात काय वाचतं हे योगायोगावर. राज्यात कोण वाचतो हे बाणाच्या नेमावर.

कादंबरीत तोर्मान्सची व्यवस्था चीनसारख्या मुंग्यांच्या वारुळातल्या खोट्या समाजवादातून आणि टोळीबाजांच्या भांडवलशाहीतून तयार झालेली दाखवली आहे. मॉस्कोचं नाव कुठेच नाही. तरी १९७० मध्ये पुस्तक आल्यावर सप्टेंबरात केजीबीचे प्रमुख यूरी आन्द्रोपोव्ह यांनी पक्षाच्या मध्यवर्ती समितीला टिपण पाठवलं. आशय असा, की काल्पनिक ग्रहाच्या नावाखाली लेखकाने सोव्हिएत वास्तवाची बदनामी केली आहे. पुस्तक ग्रंथालयांतून निघून गेलं. आन्द्रोपोव्हचं वाचन मला चुकीचं वाटत नाही. ते अचूक होतं. त्या पानांवर कोणाचंही नाव नसताना त्यांना आपला चेहरा दिसला, तो आरशात होताच म्हणून.

माझ्या मते ‘बैलाचा प्रहर’ हा देवयानीचा विरोधी ग्रंथ नाही. पुष्कळ समीक्षक त्याला आशाभंग म्हणतात. फाय रोदिसची माणसं तोर्मान्सला जे मोजमाप लावतात ते सगळं देवयानीतून आलेलं आहे: दुःखाचा हिशेब, कामाची प्रतिष्ठा, मोकळी चर्चा, भीतीविना जगणं. पहिल्या पुस्तकात ते स्वप्न होतं, दुसऱ्यात ती मोजपट्टी झाली. शेवटी फाय रोदिस मरते, पण पुढे तोर्मान्स बदलतो, आणि पृथ्वीवरची शाळेतली मुलं त्या मोहिमेची कहाणी ऐकतात. आशा सुटलेली नाही. १९५७ मध्ये येफ्रेमोव्हनी साम्यवादाचं वचन शब्दशः खरं मानलं आणि ते तपशिलात लिहून काढलं. एकदा ते तपशिलात लिहिलं गेलं की कोणीही उठून विचारू शकत होतं: दुःख मोजणारी तुमची अकादमी कुठे आहे? चूक करणाऱ्याची मोकळी सुनावणी कुठे आहे? पोलादाचे आकडे देऊन याला उत्तर देता येत नव्हतं. टवाळखोराला गप्प करणं राजवटीला नेहमीच जमतं, कारण तो काही मागत नाही. ज्याने शब्दावर विश्वास ठेवला, तो वसुलीला येतो.

५ ऑक्टोबर १९७२ रोजी ते गेले. त्यानंतरची झडती सुरुवातीलाच सांगितली. काही काळ त्यांचं नाव छापायचीही चोरी होती. १९७५ पासून निवडक साहित्याचे खंड निघाले, त्यात ‘बैलाचा प्रहर’ नव्हता. तो पुन्हा छापला गेला १९८८ मध्ये. तेव्हा रशियात जी माणसं तो पहिल्यांदा राजरोस विकत घेत होती, त्यांतल्या कित्येकांनी शाळेच्या वयात देवयानी वाचली होती. येफ्रेमोव्हना लेनिनग्राडजवळ कोमारोव्होच्या दफनभूमीत पुरलं आहे.

देवयानीच्या शेवटी ‘लेबेद’, म्हणजे हंस, नावाचं यान अग्रनद या ताऱ्याकडे निघतं. एर्ग नूर आणि निझा त्यात आहेत. निरोप द्यायला आलेल्या कुणालाही ते पुन्हा दिसणार नाहीत, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी फार बोलत नाही. वेदा काँगचं कधीकाळी एर्ग नूरवर प्रेम होतं, ती दार वेतेरच्या शेजारी उभी राहून वर बघते. मी माझ्या प्रतीत या पानाशी एक जुनं बसचं तिकीट ठेवलं आहे. पान सापडायला त्याची गरज पडत नाही, पुस्तक आपोआप तिथेच उघडतं.